अमिग्डालावर फोकस्ड अल्ट्रासाउंड: मात्रा, कवटी आणि शॅम कसे ठरवायचे?

मेंदूवेध

चिंताविकाराच्या रुग्णांवर कमी तीव्रतेच्या फोकस्ड अल्ट्रासाउंडचा (कवटीबाहेरून सोडून मेंदूतल्या एका जागी एकवटलेल्या ध्वनितरंगांचा) एक छोटा अभ्यास आखतो आहोत. औषधे आणि समुपदेशन दोन्ही करूनही ज्यांना पुरेसा आराम पडलेला नाही असे 30 जण घ्यायचे आहेत. लक्ष्य उजवा अमिग्डाला, म्हणजे भीती आणि भावनांशी संबंधित मेंदूतला छोटा भाग. उपकरण (ध्वनितरंगा सोडणारा ट्रान्सड्यूसर) 500 किलोहर्ट्झचे, चार वलयांचे, व्यास 64 मिमी. वलयांमधला फेज बदलून फोकसची खोली साधारण 40 ते 80 मिमी अशी मागेपुढे करता येते.

वेळापत्रक असे धरले आहे: 5 मिलिसेकंदांचा पल्स, सेकंदाला 10 पल्स, 30 सेकंद चालू, 30 सेकंद बंद, असे 10 मिनिटे. आठवड्यातून एकदा, एकूण 8 बैठका.

वाचन भरपूर झाले आहे, पण काही ठिकाणी गाडी अडते:

1. निरनिराळ्या निबंधांत तीव्रतेचे आकडे इतके वेगळे का? कुठला आकडा पाण्यातला आणि कुठला कवटीच्या आतला हे कसे ओळखायचे? आणि आम्ही यंत्रात नेमके काय भरायचे?
2. प्रत्येकाचा सीटी काढायलाच हवा का? नुसत्या एमआरआयवर भागेल?
3. शॅमसाठी (तुलनेपुरत्या खोट्या उपचारासाठी) यंत्र बंद ठेवून ट्रान्सड्यूसर नुसता डोक्याला टेकवला तर चालेल का?
4. अर्जात "अमिग्डालाची अतिक्रियाशीलता दाबणे" असे उद्दिष्ट लिहिले आहे. हे बरोबर आहे का?

नैराश्याचा भाग नंतर जोडायचा विचार आहे, त्याबद्दलही मत हवे.

---

ध्वनिगणित

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बरेच त्यावर उभे आहे.

यंत्रात भरलेला आकडा जवळजवळ नेहमी पाण्यातला असतो. म्हणजे मध्ये कवटी नसताना, बुडबुडे काढलेल्या पाण्यात हायड्रोफोनने (पाण्यातल्या ध्वनिमापकाने) फोकसवर मोजलेला. निबंधात "30 वॅट प्रति चौ. सेमी" एवढेच लिहिले असेल तर आधी पद्धतीच्या परिच्छेदात "पाण्यात" की "कवटीतून गेल्यावर" ते शोधा. तिथेही नसेल तर तो आकडा तुलनेला घेऊ नका. कवटीमुळे पडणारा फरक मोठा असतो. लेगॉन आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या मानवी प्रयोगात पाण्यातली तीव्रता सुमारे 24 होती आणि कवटीच्या तुकड्यातून गेल्यावर सुमारे 6 वॅट प्रति चौ. सेमी उरली. चौथा हिस्सा. दाब निम्मा झाला की तीव्रता चौथाई होते, कारण तीव्रता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

म्हणून हिशेब आतून बाहेर करा. समजा अमिग्डालावर 0.6 मेगापास्कल दाब हवा आहे:

- पल्स चालू असतानाची तीव्रता = दाबाचा वर्ग भागिले (2 × घनता × ध्वनिवेग). पाण्याची घनता 1000 आणि वेग 1500 धरला तर 12 वॅट प्रति चौ. सेमी.
- तुमची ड्युटी सायकल (पल्स प्रत्यक्ष चालू असण्याचा वाटा) 5 टक्के. म्हणजे 30 सेकंदांच्या चालू काळात सरासरी 0.6, आणि मधला बंद काळ धरून 0.3 वॅट प्रति चौ. सेमी.
- मेकॅनिकल इंडेक्स (दाबामुळे ऊतींना यांत्रिक इजा होण्याच्या धोक्याचा निर्देशांक) = ऋण दाब मेगापास्कलमध्ये, भागिले वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ. 0.6 भागिले 0.707, म्हणजे 0.85.

कवटीतून निम्मा दाब जातो असे धरले तर पाण्यात 1.2 मेगापास्कल लागेल, म्हणजे 48 वॅट प्रति चौ. सेमी. इथे एक चांगली गोष्ट हाती लागते. 1.2 मेगापास्कलचा मेकॅनिकल इंडेक्स 1.7 येतो. आयट्रस्ट या आंतरराष्ट्रीय गटाने सुरक्षिततेसाठी मांडलेली मर्यादा 1.9 आहे. म्हणजे सिम्युलेशन साफ चुकले आणि कवटीने काहीच अडवले नाही, तरी फोकसवर तुम्ही मर्यादेच्या आतच राहता. 500 किलोहर्ट्झला 1.9 म्हणजे 1.34 मेगापास्कल. कुणाची कवटी कितीही जाड निघाली तरी पाण्यातला दाब याच्यावर न्यायचा नाही, हे नियमावलीत आधीच लिहून टाका. नाहीतर चौथ्या-पाचव्या रुग्णाला "याची कवटी फारच अडवते, थोडे वाढवू" हा मोह होतोच.

सर्वांना पाण्यातला एकच दाब दिला तर काय होईल तेही पाहा. एकाच्या कवटीतून 65 टक्के दाब गेला, दुसऱ्याच्या 40 टक्के. पहिल्याच्या अमिग्डालावर 20 वॅट प्रति चौ. सेमी पडतात, दुसऱ्याच्या 8 सुद्धा नाहीत. अडीचपटीहून जास्त फरक. अशा अभ्यासात "काहींना गुण आला, काहींना नाही" असा निकाल आला तर त्यात आजाराचा वाटा किती आणि हाडाचा किती, हे कधीच कळणार नाही. त्यामुळे आतला दाब समान ठेवा आणि बाहेरचा व्यक्तीनुसार बदला.

उष्णता. मेंदूत ती फारशी अडचण नाही. 0.6 वॅट प्रति चौ. सेमी सरासरीला, रक्तप्रवाह आणि उष्णतेचे वहन दोन्ही सोडून दिले तरी 30 सेकंदांत 0.3 अंशांच्या आसपास वाढ होते, प्रत्यक्षात त्याहून कमी. हाड मात्र कितीतरी जास्त शोषते. म्हणून तापमानाचे सिम्युलेशन हाड आणि त्वचेसाठीही करा, आणि तेही पूर्ण 10 मिनिटांचे, 30 सेकंदांच्या एका पल्सगाडीचे नव्हे. कुठेही 2 अंशांवर वाढ नको. निदानाच्या सोनोग्राफीसाठीची 720 मिलिवॅट प्रति चौ. सेमीची सरासरी मर्यादा अनेकजण इथे उचलून लावतात. ती मऊ ऊतींतली ठरावीक घट गृहीत धरून काढलेली आहे. तिच्यात कवटी नाही. नैतिक समितीला सांगायला ती सोपी वाटते, पण कवटी तापते की नाही याचे उत्तर ती देत नाही.

फोकसचा आकार लक्षात ठेवा. 500 किलोहर्ट्झला तरंगलांबी 3 मिमी. तुमच्या व्यासाला फोकस सुमारे 4-5 मिमी रुंद आणि 20-30 मिमी लांब, सिगारसारखा. बाजूने, कानाच्या पुढून आणि किंचित वरून आत गेलात तर डोक्याच्या त्वचेपासून अमिग्डाला साधारण 50 मिमीवर येतो आणि सिगारची लांबी डावी-उजवीकडे पडते. त्यामुळे खोलीची थोडी चूक खपते. पुढे-मागे खपत नाही. अमिग्डालाच्या लगेच मागे हिप्पोकॅम्पसचे (स्मृतीशी संबंधित भागाचे) डोके आहे. ट्रान्सड्यूसर जरा मागे कलला की तुम्ही हिप्पोकॅम्पसचा अभ्यास करत असता.

कपाळातून जाऊ नका, तिथे फ्रंटल सायनसची हवा आहे. कानामागे मॅस्टॉइडच्या हवेच्या पोकळ्या आहेत. शंखास्थी त्या मानाने पातळ, म्हणून तीच वाट. हाडाशी किरणाचा कोन लंबरेषेपासून 20 अंशांच्या आत ठेवा. हाडातला वेग 2800 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास धरला तर 32 अंशांच्या पुढे नेहमीची तरंग आत शिरतच नाही, परावर्तन आणि कातर तरंगा उरतात.

---

प्रयोगशाळा_2

@ध्वनिगणित यांनी कागदावरचे सांगितले. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यापाशी काय बिघडते ते सांगतो.

सर्वांत जास्त नुकसान हवेमुळे होते. हवेचा ध्वनिरोध ऊतींच्या तुलनेत हजारो पटींनी कमी, त्यामुळे हवेच्या थरावरून जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. केसांत अडकलेली हवा डोळ्यांना दिसत नाही. आणि यंत्र तर "सर्व ठीक" असेच दाखवत राहते. क्रम असा ठेवा: आधी केस कोमट पाण्याने मुळापर्यंत भिजवायचे. कंगव्याने भांग पाडून जिथे ट्रान्सड्यूसर टेकणार तिथली त्वचा उघडी करायची. मग थोडे जेल बोटाने त्वचेत चोळायचे, नुसते वर थापायचे नाही. त्यावर दुसरा थर. जेल आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून किंवा निर्वात भांड्यात ठेवून बुडबुडे काढलेले असावे. बाटली जोरात झटकून जेल काढले की हे सगळे वाया जाते. जेलची गादी वापरत असाल तर ती उजेडासमोर धरून आत बुडबुडे आहेत का पाहा, आणि ट्रान्सड्यूसरवर बसवताना एका कडेने टेकवत आणा, म्हणजे मधली हवा दुसऱ्या कडेने निसटते. 10 मिनिटांच्या बैठकीत पाचव्या मिनिटाच्या बंद काळात जेल सुकले आहे का ते बघायला सहकारी नेमा.

खोलीची चूक. यंत्रात "फोकस 55 मिमी" भरता तेव्हा ते 55 मिमी कुठून मोजायचे? काही उत्पादक ट्रान्सड्यूसरच्या बाहेर पडणाऱ्या सपाट कडेपासून मोजतात, काही वक्र पृष्ठभागाच्या तळापासून. 64 मिमी व्यासाच्या ट्रान्सड्यूसरमध्ये हा फरक बऱ्याच मिलिमीटरांचा असतो. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक व्याख्या आणि यंत्रात दुसरी, ही चूक कुठलाही इशारा न देता पूर्ण अभ्यासभर चालू राहू शकते. त्यात गादीची जाडी मिळवायला विसरलात तर भरच. गादी दाबली जाते, म्हणून ती डोक्यावर दाबलेल्या अवस्थेत किती उरते ते मोजा.

कोनाची चूक: 50-55 मिमी खोलीवर 1 अंश म्हणजे जवळजवळ 1 मिमी, 5 अंश म्हणजे जवळजवळ 5 मिमी. फोकसची रुंदीच तेवढी आहे. हाताने धरून हे साधत नाही. नॅव्हिगेशनचा कॅमेरा, डोक्यावर आणि ट्रान्सड्यूसरवर वेगवेगळे मार्कर, आणि ट्रान्सड्यूसर धरायला पक्का हात हवा. सत्रभर स्थान नोंदवत राहा, फक्त सुरुवातीला नाही. डोक्याचा मार्कर चष्म्यासारख्या फ्रेमवर असेल तर जबडा हलला की तोही हलतो. रुग्णाला बोलू नका असे आधीच सांगावे लागते.

सीटीबद्दल. हाडाच्या घनतेसाठी सीटी उत्तम, यात वाद नाही. पण निरोगी नियंत्रण गटाला किरणोत्सर्ग देणे समितीला पटवणे कठीण जाते. त्यामुळे शून्य किंवा अतिलघु इको टाइमचा (हाडाचाही संकेत पकडणारा) एमआरआय काढून त्यावरून कृत्रिम सीटी बनवण्याची वाट आता बरीच रुळली आहे. एमआरआयच्या नेहमीच्या टी-1 पद्धतीच्या चित्रात घट्ट हाड काळे दिसते, हवाही काळीच. म्हणून एकट्या टी-1 वरून कवटीची सीमा काढणे धोक्याचे आहे, विशेषतः सायनसपाशी. सिम्युलेशनसाठी के-वेव्ह या सॉफ्टवेअरवर आधारलेली साधने किंवा बेबलब्रेन वापरलेत तर जाळीचा आकार तपासा. तरंगलांबीमागे किमान 6 बिंदू, म्हणजे 500 किलोहर्ट्झला 0.5 मिमी. याहून जाड जाळीत उत्तर येते, चित्रही सुंदर येते, पण दाबाचा आकडा भरवशाचा राहत नाही.

आणि एकाच स्थानाचे सिम्युलेशन करून थांबू नका. ट्रान्सड्यूसर 3 मिमी चारही दिशांना सरकवून आणि 5 अंश कलवून पुन्हा चालवा. सगळ्या स्थितींत अमिग्डालावरचा दाब किती टिकतो, तोच तुमचा खरा पल्ला.

उपकरणाची तपासणी: अभ्यासापूर्वी हायड्रोफोनने पूर्ण नकाशा. मग दर आठवड्याला पाण्याच्या टाकीत ठरावीक बिंदूवर एकाच सेटिंगला वाचन घ्या आणि ते वहीत आलेखावर टाका. चारपैकी एक वलय मेले तर दाब कमी होतोच, पण फोकसही सरकतो. नुसती एकूण विद्युतशक्ती पाहून हे ध्यानात येत नाही.

---

कर्णभेद

शॅमबद्दल फक्त. यंत्र बंद ठेवून टेकवणे चालणार नाही, कारण रुग्णाला ऐकू येते.

500 किलोहर्ट्झ कुणालाच ऐकू येत नाही. पण पल्स एकदम सुरू आणि एकदम बंद होतो तेव्हा त्या कडांमध्ये श्राव्य वारंवारता असतात आणि त्या हाडातून थेट आंतरकर्णात पोचतात. सेकंदाला 1000 पल्स असतील तर शिट्टीसारखा सूर, तुमच्या 10 ला टकटक. तुम्ही कानाशेजारीच ट्रान्सड्यूसर ठेवणार आहात. 2018 मध्ये न्यूरॉन नियतकालिकात एकाच वेळी दोन गटांनी दाखवले की कृंतक प्राण्यांच्या मेंदूत जी व्यापक सक्रियता अल्ट्रासाउंडची थेट करामत वाटत होती, तिचा मोठा भाग ऐकण्याच्या मार्गाने येत होता. नंतर माणसांमध्येही, नेहमी वापरले जाणारे बरेच पल्स स्पष्ट ऐकू येतात हे दिसून आले. चिंतेच्या रुग्णाला टकटक ऐकू येणे म्हणजे "उपचार चालू आहे" ही खात्री. आणि अमिग्डाला अनपेक्षित आवाजाला स्वतःच प्रतिसाद देतो. दोन्ही बाजूंनी निकाल गढूळ.

तीन थर करा.

पहिला, पल्सच्या कडा उतरत्या करा. 5 मिलिसेकंदांच्या पल्सला दोन्ही बाजूंना 1 मिलिसेकंदाचा कोसाइन उतार दिला की टकटक बरीच मंदावते. पण मात्राही घटते. असा उतार आपल्या लांबीच्या 3/8 एवढीच ऊर्जा देतो, म्हणजे पल्सची परिणामी लांबी 3 + 0.75 = 3.75 मिलिसेकंद. ड्युटी सायकल 5 नव्हे, 3.75 टक्के धरून वरचा सगळा हिशेब परत करा. उताराचा उल्लेख न करता नुसते "5 टक्के" छापणे ही या क्षेत्रातली सर्रास चूक आहे.

दुसरा, कानात झाकणारा आवाज. नुसता पांढरा गोंगाट पुरत नाही. पल्सच्याच लयीतली, वेगवेगळ्या सुरांची टकटक त्यात मिसळा आणि खऱ्या व शॅम दोन्ही बैठकांत तीच वाजवा. हाडातून वाजणारे हेडफोन जास्त चांगले झाकतात. पातळी प्रत्येकासाठी वेगळी लावावी लागते. ती पुरते का, हे वेगळ्या दिवशी, कमी दाबावर, एक-एक सेकंदाच्या 20 फेऱ्यांत तपासा: चालू होते की बंद, एवढेच विचारायचे. 20 पैकी 15 किंवा जास्त उत्तरे बरोबर आली तर तो अंदाज नाही, ऐकू येते आहे. नुसत्या योगायोगाने असे घडण्याची शक्यता 2 टक्के.

तिसरा, खरे तुलनास्थान. तुमच्याकडे फोकस मागेपुढे करता येतो, ही मोठी सोय आहे. त्याच जागी, त्याच कोनात ट्रान्सड्यूसर ठेवून फोकस 40 मिमीच्या जवळ ओढा. त्वचेला तेच जाणवते, कानाला तेच ऐकू येते, अमिग्डालावर दाब मात्र पडतो फार कमी. किती कमी, ते सिम्युलेशनने दाखवा, कारण फोकसची शेपटी लांब असते आणि खोलीत फक्त 10-15 मिमीचा फरक आहे. शेपटी जास्त निघाली तर दुसरा पर्याय म्हणजे जेलच्या दोन थरांमध्ये बंद छिद्रांच्या फोमची चकती. ती ऊर्जा परत फिरवते, म्हणून ट्रान्सड्यूसर तापतो. शॅमच्या आधी टाकीत चकतीसह 10 मिनिटे चालवून त्याच्या तोंडाचे तापमान पाहा.

पहिल्या आणि शेवटच्या बैठकीनंतर रुग्णाला आणि गुण मोजणाऱ्या व्यक्तीला, दोघांनाही "खरे मिळाले की शॅम, आणि किती खात्री" हे 0 ते 100 वर विचारा. निकालासोबत तेही छापा.

---

मनोवैद्य

चौथा प्रश्न माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. "अतिक्रियाशीलता दाबणे" हे वाक्य अर्जातून काढा.

अल्ट्रासाउंडने पेशी उत्तेजित होतात की शांत होतात, हे पल्सची लांबी, वारंवारता, ड्युटी सायकल, मेंदूचा भाग आणि त्या क्षणीची अवस्था या सगळ्यांवर अवलंबून दिसते. यंत्रणेबद्दल यांत्रिक ताणाला प्रतिसाद देणाऱ्या आयन वाहिन्यांचा पुरावा जमतो आहे, पण त्यातून कुठल्या सेटिंगला कुठली दिशा याचे कोष्टक निघत नाही. 20 मिलिसेकंदांचा पल्स दर 200 मिलिसेकंदांनी, एकूण 80 सेकंद, ही थीटा-बर्स्ट पद्धत 2022 मध्ये हालचालीच्या कॉर्टेक्सवर वापरली तेव्हा उत्तेजनक्षमता किमान अर्धा तास वाढलेली राहिली. तीच अमिग्डालावर नेली तर दिशा तीच राहील असे कोणी सांगू शकत नाही. अर्जात "अमिग्डालाच्या क्रियेत बदल होतो का हे तपासणे" लिहा आणि तो बदल मोजायची सोय करा.

ती सोय म्हणजे बैठकीनंतर तासाभरात भावदर्शक चेहरे दाखवून काढलेला एफएमआरआय (मेंदूची क्रिया टिपणारा एमआरआय). निदान पहिल्या आणि आठव्या बैठकीला तरी कराच. स्कॅनरच्या आतच अल्ट्रासाउंड द्यायचे असेल तर ट्रान्सड्यूसर नेहमीच्या बंद हेड कॉइलमध्ये मावत नाही. लवचिक कॉइल लागतात आणि चित्राचा दर्जा घसरतो. बाहेर देऊन लगेच आत नेणे बहुधा जास्त सोयीचे. माकडांवरच्या 2019 च्या प्रयोगांत 40 सेकंदांच्या एका माऱ्याचा परिणाम दोन तासांपर्यंत टिकला होता, त्यामुळे तासाभराची खिडकी व्यवहार्य आहे. त्याच कारणाने खरे आणि शॅम एकाच दिवशी देऊ नका.

अमिग्डालावर आधी काय झाले आहे? 2023 मध्ये प्रकाशित झालेल्या प्रयोगात औषधांना न जुमानणाऱ्या चिंताविकाराच्या 25 जणांना उजव्या अमिग्डालावर आठवड्याला एक अशा 10 मिनिटांच्या 8 बैठका दिल्या. तुमचा आराखडा याच्याशी मिळताजुळता आहे. चिंतेचे गुण बरेच उतरले, पण शॅम गट नव्हता. 2025 मध्ये मॉलिक्युलर सायकिअ‍ॅट्रीत आलेल्या अभ्यासात भाग दोन होते. एका बैठकीच्या, शॅमशी तुलना केलेल्या भागात अमिग्डालाची क्रिया बदलते का ते पाहिले. मग मनोदशेच्या, चिंतेच्या आणि आघाताच्या विकारांच्या 29 रुग्णांना तीन आठवडे रोज उपचार. लक्षणे कमी झाली, पण उपचाराचा भाग उघड होता. आठ आठवडे दर आठवड्याला कुणीतरी तासभर लक्ष देऊन विचारपूस करते, यानेही चिंता उतरते. तुमच्या 30 जणांमध्ये शॅम गट असेल तर तुम्ही खरोखर उपयोगाचे काही सांगाल, भले निकाल नकारात्मक येवो. आणि 30 जणांत उपचाराचा गुण सिद्ध करू पाहू नका. मुख्य मोजमाप अमिग्डालाची क्रिया ठेवा, हॅमिल्टनचे चिंतामापन दुय्यम.

रुग्णांशी बोलताना तीन गोष्टी वेगळ्या करून सांगा, कारण बातम्यांत सगळ्यांना एकच नाव असते. एक, जास्त तीव्रतेने ऊती भाजून कायमचा छेद करणे. ओसीडी आणि नैराश्यासाठी अंतर्गत कॅप्सूलवर हे 1024 घटकांच्या शिरस्त्राणाने केले गेले आहे. दोन, सूक्ष्म बुडबुडे रक्तात सोडून रक्त-मेंदू अडथळा तात्पुरता उघडणे. तीन, तुम्ही करता ते: न जाळता, न उघडता क्रिया बदलणे. अतिशय छोट्या धक्का-पल्सची जी पद्धत युरोपात अल्झायमरसाठी मान्य झाली आहे ती याहून वेगळी, आणि तिचे निकाल इथे लावता येत नाहीत. कमी तीव्रतेच्या फोकस्ड अल्ट्रासाउंडला कुठल्याही मानसिक विकारावरचा उपचार म्हणून अमेरिकेच्या एफडीएची मान्यता अजून नाही. संमतिपत्रात हे पहिल्याच पानावर यावे.

कुणाला घेऊ नये: किरणाच्या वाटेत धातू, शंट किंवा शस्त्रक्रियेचे छिद्र असणारे, फिट्सचा इतिहास, गर्भारपण, मेंदूत रक्तस्राव किंवा गाठ, सीटीवर वाटेत कॅल्शियमचे साठे. कुठल्याही तपासणीसाठी मायक्रोबबल कॉन्ट्रास्ट दिला असेल तर त्या दिवशी बैठक नकोच. बुडबुडे रक्तात असताना वरचा मेकॅनिकल इंडेक्सचा हिशेब लागू होत नाही. औषधांचे डोस आधीचे चार ते सहा आठवडे स्थिर हवेत.

त्रास काय होऊ शकतो? 2020 च्या एका पाठपुराव्यात उत्तर दिलेल्या 64 सहभागींपैकी 7 जणांनी सौम्य ते मध्यम लक्षणे सांगितली: मान दुखणे, लक्ष न लागणे, स्नायू फडफडणे, चिंता. गंभीर काही नव्हते. पण ते निरोगी लोक होते. तुमच्या रुग्णांत नैराश्य जोडीला असणारच, म्हणून प्रत्येक बैठकीला आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारा आणि "होय" आले तर त्याच तासात कोण भेटेल त्या व्यक्तीचे नाव आधी ठरवून ठेवा.

---

मेंदूवेध

सर्वांचे मनापासून आभार. अर्जातले वाक्य आजच बदलतो. कडांचा उतार आणि 3.75 टक्क्यांचा हिशेब आमच्या ध्यानातच नव्हता.

दोन शंका. उतारामुळे ऊर्जा 75 टक्क्यांवर आली तर ती भरून काढायला दाब वाढवायचा का? आणि नैराश्यासाठी हेच उपकरण सबकॅलोसल सिंग्युलेटवर (नैराश्याशी जोडल्या जाणाऱ्या मेंदूच्या भागावर) चालेल का?

---

ध्वनिगणित

दाब वाढवू नका. यांत्रिक परिणाम दाबाशी बांधलेला असण्याची शक्यता जास्त आहे, आणि दाब वाढवला की 1.34 ची मर्यादा जवळ येते. वेळ मिळवायचा असेल तर पल्स थोडा लांब करा: 6.25 मिलिसेकंदांचा पल्स, दोन्ही कडांना 1 मिलिसेकंद, म्हणजे परिणामी लांबी 4.25 + 0.75 = 5. सरासरी तीव्रता मूळ हिशेबाइतकीच राहते, तापमानाचे सिम्युलेशन तेवढे नव्या आकाराने परत चालवा.

सबकॅलोसल सिंग्युलेटला तुमचे उपकरण जुळत नाही. तो भाग मध्यरेषेवर आणि खोल. कपाळातून गेलात तर सायनस आडवा येतो. बाजूने गेलात तर तुमच्या 80 मिमीच्या टोकाशी जाता, तिथे फोकस आणखी लांबतो आणि मध्यरेषा ओलांडून पलीकडच्या बाजूलाही पडतो. युटाच्या गटाने यासाठी डोक्याच्या दोन्ही बाजूंना 126 घटकांचा एक-एक अ‍ॅरे वापरला आहे. एका बाजूने सोडलेली तरंग दुसऱ्या बाजूला मोजून त्या व्यक्तीच्या कवटीने आणि केसांनी किती अडवले ते ते थेट काढतात आणि त्यानुसार भरपाई करतात. एकाच ट्रान्सड्यूसरने हे मोजणे शक्य नाही. नैराश्याचा भाग जोडायचाच असेल तर याच 30 जणांचे नैराश्याचे गुणही मोजा, लक्ष्य बदलू नका.

---

प्रयोगशाळा_2

एक राहिले. प्रत्येक बैठकीच्या नोंदीत एवढे तरी असू द्या: पाण्यातला दाब, सिम्युलेशनने काढलेला आतला दाब, पल्सची लांबी आणि कडांचा आकार, दाबलेल्या गादीची जाडी, फोकसची खोली आणि ती कुठून मोजली ते, नॅव्हिगेशनवरचे सरासरी आणि कमाल विचलन, जेल मध्ये पुन्हा लावले का, आणि त्या आठवड्याच्या टाकीतल्या तपासणीचा आकडा. बैठक संपल्या-संपल्या लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेली गादीची जाडी नेहमी 8 मिमीच निघते.